पहिल्या खांद्याचा फोटो

९ फेब्रुवारी, रविवार

आज गावच्या बैठकीत खुर्ची फेकली गेली. फेकणारा मी नव्हतो, हीच नवलाची गोष्ट. वरच्या वाडीच्या आत्माराम गावकराने ती उचलली आणि पऱ्याकडच्या, म्हणजे ओढ्यालगतच्या, वाडीच्या केरूवर भिरकावली. केरू म्हणजे माझ्या बहिणीचा, काशीचा, नवरा आणि त्याच्याही आधीपासूनचा माझा दोस्त. खुर्ची प्लास्टिकची होती म्हणून नुसता ओठ फुटला. केरूने रक्त पुसलं आणि आत्मारामची गचांडी धरली. देवळात, देवीच्या समोर.

भांडण जुनंच. शिमग्यात पालखी देवळाच्या पायऱ्या उतरते तेव्हा पुढच्या दांडीला पहिला खांदा कोणाचा? वरची वाडी म्हणते मान आमचा, पऱ्याकडची म्हणते आमचा. मागच्या खेपेला यावरून डोकी फुटली, एकाचा कान गेला आणि सरकारने पालखी कुलपात घातली. तेव्हापासून देवी बाहेर पडलेली नाही. या सालीही कुलूप निघणार नाही, असं दिसत होतं.

शेवटी मीच ओरडलो. मुंबईत आपल्या गावच्या मंडळाच्या खोलीत जुन्या फोटोंची पेटी सापडली आहे, तिच्यात १९६६ सालच्या पालखीचा फोटो आहे. ओल लागून काळा पडलाय, पण मी सावर्ड्यात स्टुडिओ काय झक मारायला उघडलाय? म्हटलं, मी साफ करून देतो. पहिल्या खांद्याला जो दिसेल त्याच्या वाडीचा मान. बाकीचे फोटोही साफ करतो, देवळात लावू, आपलं गाव कसं होतं ते पोरांना कळू दे. दोन्ही वाड्यांनी नारळ ठेवून कबूल केलं. माझ्या शब्दाला गावात अजून वजन आहे. घरी येताना छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.

१४ फेब्रुवारी

पेटी म्हणजे खजिना आहे. एका फोटोत बांबूला उलटा बांधलेला बिबट्या आणि भोवती गाव उभं. बंदूकवाल्याच्या सदऱ्यावर काळे डाग पडले होते. सगळे काढले, सदरा पांढराशुभ्र केला. आता तो लग्नाला निघाल्यासारखा दिसतो.

दुपारी एक बाई बापाचा फोटो घेऊन आली. त्याचा डावा डोळा रेड्याच्या शिंगाने गेलेला. म्हणाली, "फोटोत तरी दोन्ही असू देत." उजवा डोळा उलटा करून डावीकडे बसवला. बघितल्यावर बाई तिथेच रडायला लागली. लोक मला विचारतात, तुम्ही नक्की करता काय? मी मेलेल्या बापाला पोरीच्या लग्नाच्या फोटोत उभा करतो. टकल्याला केस देतो, बोळक्याला दात देतो. माणूस जसा असायला हवा होता तसा करून देतो. चिपळूणपासून संगमेश्वरपर्यंत ही सफाई दुसऱ्याच्या हातात नाही.

२१ फेब्रुवारी

पालखीचा फोटो स्कॅन केला आणि तोंडात शिवी आली. पायऱ्या दिसतात, देवीचं रूप, म्हणजे चांदीचा मुखवटा, दिसतं, ढोलकरी दिसतो. पहिल्या खांद्याचा माणूसही दिसतो, पण गळ्यापर्यंतच. उघडं अंग, पिळदार दंड, कमरेला धोतर आणि मानेच्या वर पांढरं भगदाड. कसर लागून चेहरा पार खाल्ला गेलाय. सगळं गाव ज्या तोंडाची वाट बघतंय, नेमकं तेच नाही.

डोकं फिरलं. टेबलावरचा पेला भिंतीवर मारला. काचा गोळा करत होतो तेवढ्यात केरू आला.

"दिसला काय आजा?"

"तोंडच नाही. तुझ्या आज्याचा दुसरा फोटो असेल तर आण, जुळवून बघतो."

"फोटो कुठला यशा? बाबूआजा मी जन्मायच्या आधीच गेला. पोफळीला बोगद्यात सुरुंगाच्या कामावर व्हता, येवढंच म्हायती. व्हते नव्हते ते फोटो पुरात गेले."

"गोदूबाईला विचार. ती तर त्याची सून."

"आयेला आता दिसतं कुठं? फोटो दाखवून काय करू?" त्याने पडद्यावरच्या भगदाडावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "जमत नसंल तर ती जागा तशीच ठेव. मोकळी."

"बिनतोंडाचा माणूस देवळात टांगू? पोरं झोपायची नाहीत." आम्ही दोघंही हसलो. चहा पिऊन तो गेला.

नंतर राग जरा उतरला आणि बाकीचं काम केलं. त्या माणसाचा दांडीवरचा हातही ओलीने धरला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बुरशीने पार खाल्लेलं. दुसऱ्या हाताची बोटं उचलून इथे लावली. खालच्या लाकडाची रेघ न् रेघ स्वच्छ होती, त्यामुळे अवघड गेलं नाही. अशी बसली आहेत की कोणाच्या बापाला कळणार नाही.

२५ फेब्रुवारी

आत्माराम आपल्या बापाचा फोटो देऊन गेला. सदू गावकर, काळी टोपी, समोर रोखलेली नजर. चिपळुणात काढलेला, कडक फोटो. आत्माराम म्हणाला, "परदर्शनात लाव, बाकी काय मागत नाय."

तो गेल्यावर मनात आलं, हे तोंड त्या मानेवर कसं दिसेल, नुसतं बघू. टोपी काढली, उजेड जुळवला. बसलं! जन्मापासून तिथेच असल्यासारखं बसलं.

आता हे काढून टाकायचं आणि गावाला काय सांगायचं? यशवंताला जमलं नाही? फोटोत तोंडच नाही, आता घ्या पुन्हा काठ्या? तेव्हा सदू गावकर भर उमेदीत होता. तोच असेल कशावरून नाही? एक तोंड दिसलं की भांडण मिटेल. वाईट वाटतं ते केरूचं. पण त्याच्याकडे फोटो नाही, यात माझा काय दोष?

चेहरा कुठून आणला ते कोणाला सांगायचं नाही.

५ मार्च

देवळात फोटो लागले. बायका बिबट्यासमोरून हलेनात. म्हाताऱ्यांनी जुनं भातखळं ओळखलं, एकाने स्वतःची मेलेली बहीण ओळखली. माझी पाठ थोपटून थोपटून दुखायला लागली.

मग कोणीतरी ओरडलं, "सदू गावकर!" वरच्या वाडीने गुलाल उधळला. आत्मारामने बापाच्या पायांना, म्हणजे काचेला, डोकं लावलं. म्हातारा ढसाढसा रडला.

केरू फोटोसमोर बराच वेळ उभा होता. गर्दी पांगली तसा माझ्याकडे आला. "खरं सांग यशा. ह्ये तोंड तिथं व्हतं काय?"

मी म्हटलं, "होतं."

त्याने खाडकन माझ्या कानफटात मारली. गाल अजून हुळहुळतोय. मीही हात उचलला होता, पण काशी मध्ये आली. ती नवऱ्याला धरून घेऊन गेली, माझ्याकडे बघितलंही नाही. साऱ्या गावासमोर मार खाल्ला, तोही दोस्ताचा! आता त्याने पाय धरले तरी मी बोलणार नाही.

१४ मार्च

इस्पितळातून रात्री उशिरा आलो. तरी लिहून काढतो.

कुलूप निघालं. पोलीस होते, पण मोजकेच. देवीची रूपं लागली, पालखी सजली. आत्मारामचा मुलगा रुपेश पारावर ढोल वाजवत होता. पोरगा वाजवायला लागला की डोळे मिटून घेतो, जगाचं भान नसतं त्याला. वरच्या वाडीचे लोक पुढच्या दांडीला लागले. मी पायऱ्यांच्या खाली कॅमेरा घेऊन उभा होतो.

पालखी पहिल्या पायरीवर आली आणि केरू गर्दी फोडून घुसला. दांडीखाली खांदा घातला, वर हाताने घट्ट पकड धरली. कोणीतरी त्याच्या पोटात लाथ घातली. तो हलला नाही. मग पऱ्याकडची सगळी वाडीच आत घुसली. पालखी कलली, देवीचं रूप एका बाजूला झुकलं. शिमग्याच्या होमातली जळती लाकडं उचलली गेली. एकाच्या धोतराला आग लागली, तो पेटलेला तसाच पायऱ्यांवरून खाली आला. एका पोलिसाचं डोकं दगडाने फुटलं. बायकांच्या किंकाळ्या आणि वर तो ढोल, चालूच. मी बटण दाबत होतो. हाताला सवय आहे, दुसरं काय.

गर्दीतून एक कोयता वर गेला. उन्हात चमकला आणि दांडीवर उतरला, जिथे केरूचा हात होता तिथे. सुका बांबू तोडताना येतो तसा आवाज आला. बोटं पायरीवर पडली. एकाचा पाय त्यांच्यावर पडला. केरू ओरडलाही नाही. खांदा तसाच दांडीखाली आणि रक्त कोपरावरून गळतंय. तेव्हाच ढोल थांबला. पारावर रुपेश तोंड उघडं टाकून उभा होता.

काशीने बोटं पदरात उचलली. इस्पितळापर्यंत पदर मुठीत गच्च धरून बसली होती. डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली.

कोयता कोणाचा, ते मला दिसलं नाही. दोन्ही वाड्यांत कोणीच बघितलं नाही म्हणतात. केरू म्हणतो, मागून आला.

१७ मार्च

चिपळूणच्या इस्पितळात गेलो. केरू भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी मोसंबी ठेवली आणि उभाच राहिलो.

गोदूबाईला रिक्षातून आणलं होतं. म्हातारी चाचपडत खाटेशी आली, मुलाचा बांधलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बँडेजवरून बोटं मोजायला लागली. राहिलेली दोन सापडली.

"तीन गेली काय रं?" ती म्हणाली. "मामंजींची दोन गेलती. पोफळीला, सुरुंग उडाला तवा. करंगळी नि तिच्या बाजूची. तसाच हात घेऊन दर शिमग्याला दांडी धरायचे. लोकं म्हणायची, बाबूची बोटं गेली पन पकड नाय गेली."

"आये, ह्ये मला कदी सांगितलंस नाय," केरू म्हणाला.

"इचारलास कदी?"

मी बाहेर आलो. जिन्यावर बसलो. 

१८ मार्च

हात न लावलेला पहिला स्कॅन उघडला. मोठा केला. दोन बोटं नाहीत. जिथे ती असायला हवीत तिथे दांडीचं लाकूड आहे, रेघ न् रेघ स्वच्छ. बुरशी बोटं खाते आणि मधलं लाकूड सोडून देते, असं माझ्या सगळ्या धंद्यात कधी झालंय? हे मला तेव्हाच दिसलं होतं. त्या दिवशी इथे लिहूनही ठेवलंय, लाकूड स्वच्छ होतं म्हणून काम अवघड गेलं नाही.

ती जखम होती आणि मी डाग समजून पुसली. फोटोत तोंड नव्हतं, पण हात होता. बाबू स्वतःची खूण ठेवून गेला होता. मी वर सदूचं तोंड चिकटवलं आणि खाली त्याची बोटं भरून काढली. केरूची बोटं मीच तोडली. कोयता कोणाचाही असू दे.

२१ मार्च

काल देवळात जाऊन माझा फोटो खाली उतरवला, पायाखाली फोडला आणि मूळ स्कॅनची मोठी प्रत लावली. भगदाडासकट. माणसं जमली तेव्हा सगळं बोललो. चेहरा कुठून आणला, बोटं कुठून आणली, केरूशी खोटं बोललो ते. 

आत्माराम पुढे आला. मला वाटलं मारणार. तो म्हणाला, "मी तुज्याकडं काय मागितलेलं? परदर्शनात लाव म्हटलेलं. माज्या बापाचं तोंड देवीसमोर खोटं पाडलंस." मग माझ्या तोंडावर थुंकला आणि गेला.

मारलं ते त्याच्या भावकीने, स्टुडिओत येऊन. पाच-सहा जण होते. शटर वाकवलं, कॅमेऱ्याच्या काचा फोडल्या, स्टुडिओतला कॉम्प्युटर माझ्यासमोर आपटला. पाठीवर दांडके बसले, एक बरगडी मोडली, पुढचे दोन दात गेले. आता बोळक्याला दात देणारा स्वतः बोळका झाला! रुपेश नव्हता त्यांच्यात. उलट नंतर तोच रिक्षा घेऊन आला आणि मला डॉक्टरकडे सोडलं. म्हणाला, "काका, चुकलं आमच्याकडून." 

पालखी पुन्हा कुलपात गेली. पण आज लिहिताना हलकं वाटतंय. आता शपथ घेतली आहे, माझ्या हाताने कुठल्याही फोटोत काही भरायचं नाही आणि काही पुसायचं नाही.

२९ मार्च

काशी आली. शिमग्यानंतर पहिल्यांदा. भाचा, अनिल, मुंबईहून आलाय. बापाचा हात बघितल्यापासून जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. वाडीत फिरतो आणि एकच विचारतो, कोयता कोणी मारला.

"दादा, तू त्या दिवशी फोटो काढत व्हतास," काशी म्हणाली.

काढत होतो. कॅमेऱ्याचं कार्ड घरी आणल्यामुळे वाचलं. एका फोटोत तो क्षण आलाय. वर गेलेला कोयता, खाली केरूचा हात, मागे गर्दी. कोयत्यावाल्याचं तोंड हललेलं आहे, नाक-डोळे एकमेकांत मिसळलेले. काही ओळखू येत नाही. पोलिसांना दाखवलं, त्यांनीही नाद सोडला.

"पुसून टाक तो," काशी म्हणाली. "अनिलला नाव मिळालं तर तो मानूस मारील. बोटं गेली ती गेली. मला पोरगा तुरुंगात नकोय, दादा."

मी तिला माझ्या शपथेबद्दल सांगितलं. एकदा पुसून काय झालं ते बघितलंस ना? खरं ते खरं राहू दे.

"तुजं नेमी दुसरंच काय तरी," ती म्हणाली आणि चहा न घेता गेली. बाईमाणूस घाबरतं. पण माझ्याही मनाला लागलं. मी पहिल्यांदा सरळ वागतोय तर तिला ते दिसत नाही.

३ एप्रिल

आज अनिल स्टुडिओवर आला. मला वाटलं होतं रागाने फणफणत येईल. पोरगा अगदी शांत. माझ्या बरगडीची चौकशी केली, मोडलेलं शटर सरळ करून दिलं. मग म्हणाला, "मामा, तो फोटो बघू."

मी म्हटलं, कशाला?

"पोलिसांत देतो. नवा साहेब आलाय, पुन्हा तपास करतो म्हणाला."

हे मला पटलं. कायद्याने होत असेल तर उत्तमच, काशीचीही काळजी मिटेल. त्याला घरी आणून घरच्या कॉम्प्युटरवर फोटो लावला. अनिलने खुर्ची पुढे ओढली. "तोंड साफ नाय होणार?"

मी शपथेचं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही हात नका लावू. हल्ली ॲप असतं, ते आपोआप करतं." आणि त्याने मोबाईलवर ते उघडूनही दिलं. खरंच, मी काही भरलं नाही, काही चिकटवलं नाही. नुसता फोटो टाकला आणि बोट दाबलं. धुरकट डाग हलला आणि त्यातून माणूस वर आला. कपाळ, भुवया, दाढीची रेघ. पापणीचे केससुद्धा! माझ्या उभ्या आयुष्यात इतकं स्वच्छ काम मला जमलेलं नाही.

"रुपेश," अनिल म्हणाला.

मी चष्मा पुसून बघितलं. हो, दिसतो खरा रुपेशसारखा. मला वाटत होतं तो पारावर ढोल वाजवत होता. पण त्या गोंधळात माणसाच्या नजरेचा काय भरवसा? फोटो समोर आहे, त्याच्यापुढे आपलं आठवणं काय घेऊन बसायचं? आणि मग तो मला रिक्षातून घेऊन गेला, "चुकलं" म्हणाला, ते आता कळलं. मनाला खात असणार त्याच्या.

अनिलने फोटो मोबाईलवर घेतला. पोलिसांत कधी जातोस विचारलं तर म्हणाला, "उद्या." जाताना त्याची नजर मागच्या दारी खुंटीला अडकवलेल्या माझ्या कोयत्यावर गेली.

"मामा, कोयता नेऊ? आमचा पोलिसांनी नेलाय. मुंबईला जायच्या आधी बाबांचं शेत भाजायचं कवळ, डहाळ्या नि पाला, तोडून ठेवतो. त्यांना आता जमायचं नाय."

मला बरं वाटलं. तीन आठवडे पोरगा नुसता भूत होऊन फिरत होता, आता बापाच्या कामाला हात लावतोय. संध्याकाळी काशीला फोन करून सांगायला हवं, उगाच घाबरत होतीस म्हणून. कोयता बोथट झाला होता. दाराशी बसून, बरगडी सांभाळत, मीच त्याला धार लावून दिली. त्याने अंगठ्यावर धार बघितली, मला वाकून नमस्कार केला आणि वरच्या वाडीच्या वाटेने गेला. कवळ तोडायचे दिवस सरले खरे, पण पोराने काम करतो म्हटल्यावर नाही कशाला म्हणायचं.